पिकअपला लिफ्ट पंप बसवला, त्याची हकीकत

पिकअप चढावर दम टाकायला लागली की आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार-परतवाडा पट्ट्यात निदान आधीच तयार असतं: पंप गेला. टपरीवर चहा पिणारा सांगतो, ड्रायव्हर सांगतो, आणि ज्याचा पंप-नोझलचा धंदा आहे तो तर सांगणारच. कॉमन रेल गाडीत डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं. त्या रेलमध्ये डिझेल दाबणारा हाय प्रेशर पंप खोलायचा म्हणजे बोली वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होते, नवा घ्यायचा तर विचारूच नका. माझ्या गाडीचंही हेच निदान झालं होतं. शेवटी त्या पंपाला पाना न लावता टाकीजवळ एक छोटा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल हलक्या दाबाने पुढे ढकलणारा पंप, बसवला आणि काम भागलं. पंप बसवणं तसं सोपं आहे. तो कशाला बसवायचा आणि कुठला बसवायचा, हे ठरवण्यातच सगळा वेळ गेला. म्हणून तेच जास्त लिहितो.

गाडी अडीच लिटर इंजिनची, वय दहा वर्षांच्या पुढे, वॉरंटी केव्हाच सरलेली. दिवाळीच्या आगेमागे अंबियाचा संत्रा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाचा, अशी दोन्ही बहारांत ती कॅरेट घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला जाते. उन्हाळ्यात संत्रा नसतो, तेव्हा परतवाड्याहून चिखलदऱ्याला सिमेंट, टाइल्स, हॉटेलवाल्यांचा किराणा, आणि परत येताना जमलं तर मोथ्याचा खवा. नागपूरच्या रस्त्यावर तिची तक्रार नव्हती. दुखणं सगळं घाटातलं. धामणगाव गढी मागे पडलं, चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी एक हलका झटका, मग जोराचा, मग इंजिनचा पिवळा दिवा आणि ताकद निम्मी. बाजूला घेऊन चावी बंद करायची, जरा थांबून सेल्फ मारायचा, की गाडी अशी चालू लागायची जसं काही झालंच नाही. पुढच्या मोठ्या चढाला पुन्हा तेच.

एक गोष्ट मात्र डोक्यात अडकून होती. टाकी भरलेली असली की त्रास कमी, पाव टाकीवर आली की जास्त. हाय प्रेशर पंप झिजला असेल तर टाकीत किती डिझेल आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं?

मोबाइलला जोडायचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आता गावोगाव झाला आहे. तो लावला तर कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. हा कोड दाखवून एका ठिकाणी लगेच सांगण्यात आलं, पाहा, लिहूनच आलं, पंप खराब. पण कोड तसं म्हणत नाही. दाब कमी पडला एवढंच तो सांगतो, का पडला ते सांगत नाही. पंप थकला, इंजेक्टर परतीच्या वाटेने जास्त डिझेल सोडतात, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकतो, किंवा पंपापर्यंत डिझेलच पोचत नाही, चारही कारणांना कोड एकच.

परतवाड्यात एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ट्रकच्या जमान्यातले. मायकोचे इनलाइन पंप खोलून त्यांची उमर गेली; त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी चाचांच्या तोंडी अजून मायकोच. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

“पंप खराब हाय असं कोनं सांगतलं तुले?”

“सगळेच म्हणतात, चाचा.”

“मोजलं का कोनं?”

कोणीच मोजलं नव्हतं.

इथे थोडं यंत्र समजून घ्यावं लागतं. माझ्या गाडीसारख्या बऱ्याच कॉमन रेल पिकअपमध्ये टाकीत किंवा वाटेत इलेक्ट्रिक पंप नसतोच. हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच एक छोटा गिअर पंप जोडलेला असतो. तोच मागे टाकीपासून, फिल्टरमधून, डिझेल ओढतो आणि पुढच्या मोठ्या पंपाला देतो. मोठा पंप ते रेलमध्ये दाबतो: इंजिन आयडलवर असताना तीनशे बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) आसपास, पूर्ण जोरावर तेराशे-सोळाशे बारपर्यंत. म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते. आणि ओढ म्हटलं तरी डिझेलला पुढे ढकलते ती टाकीतली हवाच. गिअर पंप पुढे पोकळी करतो, मागून हवेचा दाब डिझेलला रेटतो. हा रेटा फार तर एक बारचा. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर; तिथे तो दहा-बारा टक्क्यांनी आणखी घटतो. त्यात टाकी रिकामी असली की डिझेल खालून वर ओढायचं, उन्हाने तापलेली रबरी नळी मऊ होऊन ओढीने चपटायला पाहणार, आणि ओढीखालच्या गरम डिझेलमधून विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटणार. घाटात, दुपारी, पाव टाकीवरच गाडी का रुसायची ते असं जुळत गेलं.

मोजण्यासाठी लागलं काय? एक व्हॅक्यूम गेज, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि हातभर पारदर्शक नळी. हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी टी लावून गेज बाहेर काचेवर, वायपरजवळ टेपने चिकटवलं. डिझेलची नळी केबिनच्या आत घ्यायची नाही, हे चाचांनी बजावूनच ठेवलं होतं. गेज इंच पाऱ्यात दाखवतं. दहा इंच म्हणजे साधारण एक तृतीयांश बार. आयडलवर काटा तीन इंचांवर होता. घाटात, भरल्या गाडीला, तो चौदाच्या पुढे गेला आणि तिथेच झटका. शिवाय पारदर्शक नळीत बारीक बुडबुड्यांची माळ दिसत होती. काटा इतका चढतो याचा अर्थ गिअर पंप ओढतोय, पण मागून डिझेल येत नाही. कुठेतरी गळा आवळला आहे.

मग मागे मागे जात शोध सुरू झाला. फिल्टर आधीच बदललेला होता. टाकीचं झाकण उघडलं तर ‘सूं’ करून हवा आत गेली. टाकी उतरवल्यावर कळलं, हवा आत येण्याची जी बारीक नळी वर चेसिसकडे जाते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. आमच्याकडे ही माशी दरवाजाच्या कुलपात, टीव्हीच्या मागच्या भोकात, कुठेही घर करते; डिझेलच्या टाकीचा श्वास कोंडेल असं कोणाच्या मनात येणार? दुसरं, ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी. तिच्यावर काळपट, बुळबुळीत थर. डिझेलखाली पाणी साचलं की त्या दोघांच्या सीमेवर जंतू वाढतात, हा त्यांचाच गाळ. गावात ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल भरून ठेवतात, गरजेला पिकअपमध्येही तेच ओततात. ड्रमच्या तळाचं पाणी त्याबरोबर येतं. टाकी धुऊन, वाळवून, जाळी साफ करून बसवली. तिसरं, फिल्टरच्या आत जाणाऱ्या नळीची क्लिप. बाहेरून कोरडी ठणठणीत, ओलसरपणा नावाला नाही, आणि बुडबुडे तिथूनच.

ओढीवर चालणाऱ्या लाइनचा हा मोठा घोटाळा आहे. ती गळत नाही, ती हवा घेते. थेंब पडला असता तर कोणीही बोट ठेवून सांगितलं असतं. हवा आत जाते तेव्हा बाहेर खूण काहीच राहत नाही. म्हणून ‘गाडीने एअर पकडली’ एवढं सगळे म्हणतात, कुठून पकडली ते क्वचितच कोणी सांगतं.

एवढं झाल्यावर गाडी सुधारली. घाटातला काटा पाच इंचांवर आला, बुडबुडे थांबले. खरं तर इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण पूर्ण वजन घेऊन दुपारच्या उन्हात चढलो तर शेवटच्या चढावर पुन्हा हलका झटका. मोबाइलवर रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी दिसतात. मिळालेला मागे राहत होता. आणि गंमत अशी की व्हॅक्यूमचा काटा मात्र खालीच. अडथळा नाही, तरी डिझेल पुरत नाही.

चाचा म्हणाले, “आता वाट मोकळी हाय. खेचनाराच म्हातारा झाला.”

म्हणजे गिअर पंपाचे दात झिजले. थंड डिझेल जाडसर असतं तेव्हा तो ओढून घेतो, तापून पातळ झालं की ते दातांच्या फटीतून मागे सरकतं. पण हे अनुमान झालं. त्याआधी इंजेक्टर निर्दोष आहेत हे पाहणं भाग होतं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून सलाइनच्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या, ठरावीक वेळ इंजिन चालवलं. चौघांत जवळजवळ सारखंच डिझेल जमलं, तेही थोडंच. इंजेक्टर सुटले.

मग चाचांनी जी परीक्षा घेतली ती मला सगळ्यात आवडली, कारण तिला खर्च शून्य. हौद्यात, केबिनच्या पाठीला, उंचावर डिझेलचा मोठा कॅन दोरखंडाने बांधला. त्याच्या तळातून नळी काढून थेट फिल्टरला दिली. टाकीची लाइन बंद. आता डिझेल वरून आपल्या वजनाने येणार, गिअर पंपाला ओढायचं कामच नाही. एक मीटर उंचीच्या डिझेलचा दाब जेमतेम सव्वा पीएसआय, म्हणजे बारचा साधारण बारावा हिस्सा. तेवढ्यावर गाडी, वाळूची पोती भरलेली, भर दुपारी, तोच चढ एकही झटका न देता चढली. रिटर्न मात्र टाकीत जात होतं, त्यामुळे कॅन पाहता पाहता खाली होई, चाचांचा भाचा मागे बसून त्यावर नजर ठेवून होता आणि वळणावर ओरडत होता, “हळू घ्या ना बाप्पा!” एवढ्याशा दाबाने काम होतं म्हणजे मोठा पंप शाबूत आहे. त्याला फक्त मागून कोणीतरी डिझेल आणून द्यायला हवं. गिअर पंप बदलायचा तर सगळा पंप उतरवून अमरावतीला लॅबमध्ये न्यायचा, तिथे त्याची बेंचवर चाचणी, आणि पुन्हा बोली. त्यापेक्षा लिफ्ट पंप. गिअर पंपाची झीज त्याने भरून येत नाही, त्याचं ओझं तेवढं हलकं होतं. जुन्या गाडीला मला तेवढंच हवं होतं.

आता कुठला पंप? दुकानात पहिल्यांदा हातात ठेवला तो पेट्रोल कारच्या टाकीतला इंजेक्शनचा पंप. “जबरदस्त प्रेशर हाय याचं!” ते जबरदस्त प्रेशर तीन-चार बारचं असतं, आणि नेमकं तेच नको. ओढीसाठी बनवलेल्या फिल्टरच्या घराला, हाताने दाबायच्या प्रायमरला आणि हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टच्या सीलला असा दाब आतून सोसायची सवय नाही. सील सुटली तर डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते, आणि वाढलेलं ऑइल-डिझेल इंजिनने हवेच्या वाटेने ओढलं तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. हे भीती घालायला लिहीत नाही, पण ‘जास्त प्रेशर म्हणजे जास्त ताकद’ हा समज आमच्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. इंजिन पूर्ण जोरात तासाला चौदा-पंधरा लिटर जाळतं. त्याशिवाय रिटर्नने फिरून टाकीत येणारं डिझेल वेगळं. म्हणजे पंपाकडून हवं ते प्रमाण भरपूर आणि दाब नावापुरता.

मी घेतला तो बारा व्होल्टचा, चौकोनी डबीसारखा, टक-टक वाजणारा सोलेनॉइड पंप (विजेच्या चुंबकाने दट्ट्या पुढेमागे करणारा). दाब चार ते सात पीएसआय, प्रवाह ताशी शंभरेक लिटर, आणि खोक्यावर डिझेल चालेल असं स्पष्ट लिहिलेलं. किंमत हाय प्रेशर पंपाच्या बोलीच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. या जातीचा आणखी एक गुण म्हणजे तो बंद पडला तरी त्याच्या आतल्या व्हॉल्व्हमधून गिअर पंप डिझेल ओढू शकतो. घूं-घूं करणारे पात्यांचे रोटरी पंप बंद पडले की वाटच अडवतात. तसला घ्यायचा तर शेजारून एकदिशा व्हॉल्व्हची बायपास नळी द्यावी लागते. मेळघाटच्या जंगलात संध्याकाळी गाडी अडकणं काय असतं हे ज्याला माहीत आहे, तो हा मुद्दा सोडणार नाही.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली. जागा ठरवली टाकीलगत, चेसिसच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या दुसऱ्या अंगाला आणि शक्य तितकी खाली. इलेक्ट्रिक पंपाला ढकलायला आवडतं, ओढायला नाही, म्हणून इंजिनजवळ बसवण्यात अर्थ नाही. काही जण सोय म्हणून तिथे बसवतात आणि मग पंपाला नावं ठेवतात. चेसिसला नवं भोक पाडलं नाही, ब्रॅकेटसाठी कारखान्यातलं एक मोकळं भोक सापडलं. खाली रबराचे बुश दिले, नाहीतर ती टक-टक सगळ्या हौद्यात घुमते. पंपावरचा बाण इंजिनकडे, आउटलेटचं तोंड वर.

फिल्टरचा क्रम महत्त्वाचा. टाकी आणि पंप यांच्यामध्ये फक्त जाडी जाळी, मोठा कचरा अडवण्यापुरती. बारीक फिल्टर पंपानंतर, म्हणजे गाडीचा मूळ होता तिथेच. कोणी हौसेने पंपाच्या आधी बारीक फिल्टर लावला तर पंपाचा गळा त्यानेच आवळला जातो. नळ्या आठ मिलिमीटरच्या, डिझेलला चालणाऱ्या रबराच्या, दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. ती पारदर्शक नळी मोजमापापुरतीच. उन्हाने आणि डिझेलने ती महिन्या-दोन महिन्यांत काचेसारखी कडक होऊन तडकते, तिला कायमची ठेवू नये. जिथे नळी चेसिसच्या धारेला घासते तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले.

वायरिंग चाचांच्या भाच्याने केलं आणि अगदी देखणं केलं. कंपनीच्या हार्नेसमधली, ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जाणारी एकही वायर कापायची नाही, ही अट मी घातली होती. बॅटरीपासून पाच अँपिअरच्या फ्यूजमधून करंट पहिल्या रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचला. ती रिले चावी चालू केल्यावर ओढली जाते. एवढ्यावर पंप चालला असता. पण अपघात झाला, नळी तुटली, इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली, तर पंप रस्त्यावर डिझेल सांडत बसेल. म्हणून पहिल्या रिलेतून निघालेली वायर दुसऱ्या, पाच पिनांच्या रिलेतून नेली आणि तिची कॉइल ऑइलच्या दिव्याच्या वायरशी जोडली. माझ्या गाडीत ऑइलचा स्विच साधा आहे: दाब नसताना अर्थ देतो, दिवा लागतो. तेव्हा कॉइल ओढली जाते आणि पंपाची वाट तुटते. इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब आला की दिवा विझतो, कॉइल सुटते, पंप चालू. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. ज्या नव्या गाड्यांत हा दिवा कॉम्प्युटर चालवतो, तिथे ही जोडणी करू नये. एअर काढण्यासाठी डॅशखाली एक दाबायचं बटण दिलं, ते दाबून धरलं तोवरच पंप चालतो. अर्थची वायर रंग खरवडून चेसिसच्या उघड्या लोखंडावर आवळली. पाहुण्या वायरिंगचे निम्मे आजार खराब अर्थचे असतात.

पहिल्यांदा बटण दाबलं. टक-टक जोरात सुरू झाली, फिल्टरवरच्या एअर स्क्रूतून आधी फेस, मग सलग डिझेल, आणि टक-टक मंदावली. लाइन भरली की या पंपाचा आवाज बदलतो, कान देऊन ऐकण्यासारखा. स्क्रू आवळला. आणि तेवढ्यात फिल्टरच्या मागच्या बाजूचा एक जोड पाझरायला लागला. बॅन्जो बोल्टखालचा (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचा) तांब्याचा वॉशर जुना, चपटलेला. हाच जोड इतकी वर्षं ओढीखाली होता, कोरडा दिसायचा. आता आतून दाब आला तसा त्याने आपला दोष उघड केला. भाचा वैतागला, मला मात्र बरं वाटलं. वॉशर नवा टाकला, कोरडा झाला.

एअर काढण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण जुन्या सवयी जात नाहीत. पूर्वीच्या इंजिनांत सेल्फ मारता मारता इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून एअर काढत, मीही पाहिलं आहे. कॉमन रेलला हे कधीच करायचं नाही. तिथला दाब शेकडो बारचा. सुईसारखी धार कातडी फोडून डिझेल हातात घुसवते, आणि वरून जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते. असं झालं तर घरी मलम लावत बसायचं नाही, लगेच दवाखाना. एअर काढायची ती फक्त फिल्टरपर्यंतच्या कमी दाबाच्या बाजूची. पुढची गाडी स्वतः काढते.

मग व्हॅक्यूम गेजच्या जागी दाबाचं गेज लावून पुन्हा तोच रस्ता. आयडलवर पाच पीएसआय. भरल्या गाडीने चढ घेतला की काटा खाली येतो, दोनच्या आसपास थरथरतो, पण शून्याच्या खाली एकदाही गेला नाही. मोबाइलवर मागितलेला आणि मिळालेला दाब सोबत सोबत चढत होते. मोथ्याच्या अलीकडचा जो चढ नेहमी माझी परीक्षा घ्यायचा, तिथे दुपारी, पाव टाकीवर, तिसरा गिअर टिकला. ताकद वाढली का असं लोक विचारतात. नाही वाढली. जी कमी पडत होती ती पडेनाशी झाली. मायलेजही तेवढंच आहे. ‘पंप लावला की ॲव्हरेज वाढते’ असं कोणी विकताना सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं.

सकाळी सेल्फ लांब लागायचा, तो आता निम्म्यावर आला. बटण दाबून मग चावी फिरवली तर लगेच. फिल्टर बदलताना प्रायमर दाबून दाबून अंगठा दुखायचा, तेही संपलं. पहिल्या काही आठवड्यांत मी रोज सकाळी डिपस्टिक पाहत होतो, ऑइलची पातळी वाढते का, त्याला डिझेलचा वास येतो का. तसं काही नाही, तरी आठवड्याला एकदा पाहणं चालूच आहे. पावसाळ्याआधी पंपाच्या आधीची जाळी उघडून धुतो. टाकीच्या श्वासनळीच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी बांधली आहे, माशीने आता दुसरं घर पाहावं. ड्रमचं डिझेल ओतायची वेळ आलीच तर तळाचं सोडून, कापडातून. फ्यूज आणि एक जादा रिले डॅशच्या खणात पडून असते.

माझी गाडी बरी झाली तसे आजूबाजूचे विचारायला येऊ लागले, आणि इथे चाचांची खरी पंचाईत. प्रत्येकाला पंपच हवा. एकाची जुनी, मेकॅनिकल पंपाची पिकअप. तिच्या इंजिनवर कॅमने चालणारा डायफ्रॅमचा फीड पंप आधीच आहे. त्याचा पडदा फाटला होता, काही शे रुपयांच्या किटमध्ये काम झालं, इलेक्ट्रिक पंपाची गरजच पडली नाही. तो थोडा नाराज होऊन गेला. दुसऱ्याच्या गाडीचं टाकीचं झाकण उघडून पाहा म्हटलं, तर ‘सूं’ झालं आणि विषय तिथेच मिटला. तिसरा अजून यायचा आहे. त्याला म्हटलं, आधी गेज लाव, घाट चढ, काटा किती जातो ते सांग, मग पंपाचं पाहू. गेज तो घेऊन गेला आहे.